आधी भिंतीतली वायर बघा

कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड कोणतं घेऊ, असं कुणी विचारलं की मी कार्डाचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, तुमच्या घरात येणारी वायर कुठून येते? केबलवाल्याकडून, छतावरच्या छत्रीतून, की गच्चीवरच्या जुन्या अँटेनातून? आणि त्या वायरच्या टोकाला सेट-टॉप बॉक्सचा डबा आहे की नाही? समोरचा जरा वैतागतो, कारण तो दोन-तीन खोके मनात पक्के करूनच आलेला असतो. पण या नादात लोकांचे जे पैसे बुडाले ते चुकीच्या कंपनीचं कार्ड घेतल्यामुळे फारसे बुडाले नाहीत. वायरीतून येतंय एक आणि कार्डाला हवंय भलतंच, अशाने बुडाले. त्यातले थोडे माझेही आहेत.

२००५ साली लॅमिंग्टन रोडवरून मी पहिलं कार्ड आणलं तेव्हा हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. घरोघरी ॲनालॉग केबल होती. केबलवाल्याची काळी वायर टीव्हीच्या मागे खोचायची, ट्यूनिंग लावायचं, की चॅनलांची रांग उभी. तीच वायर कार्डात खोचली तरी तेच. दुकानात पिनॅकल, लीडटेक, पिक्सेलव्ह्यू, ॲव्हरमीडिया ही वरच्या फळीवरची नावं, खालच्या फळीवर मर्क्युरी, फ्रंटेकसारखी स्वस्त मंडळी. खोका उघडला की बहुतेकांच्या पोटात मात्र तीन घराण्यांपैकी एक निघे: ब्रूकट्रीची, म्हणजे पुढे कोनेक्झंटची, बीटी ८७८, फिलिप्सची एसएए ७१३० किंवा ७१३४, नाहीतर कोनेक्झंटचीच नंतरची सीएक्स २३८८१. म्हणजे नावं डझनभर आणि स्वयंपाकघरं तीन.

चिपच्या शेजारी पत्र्याची एक चपटी डबी असे. केबलची पिन तिच्यात जाई. खरा ट्यूनर म्हणजे ती डबी. चित्र स्वच्छ येणार की मुंग्या येणार, हे बरंचसं तिच्यावर आणि त्याहून जास्त तुमच्या वायरिंगवर ठरायचं. हॉलमधल्या टीव्हीची वायर स्प्लिटर लावून आतल्या खोलीत आणली की सिग्नल निम्म्याहून खाली येतो. त्यात केबलवाल्याचा शेवटचा ॲम्प्लिफायर चार इमारती पलीकडे असला तर संपलंच. चित्र खराब म्हणून कार्ड बदलणारे मी पाहिले आहेत. त्याऐवजी पिन कापून नव्याने बसवली असती तर काम भागलं असतं. दुसरी एक गोष्ट दुकानदार सांगत नसत. वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की कार्डातून केबल उपसून ठेवायची. लांबवर तारांवरून आलेली ती वायर सरळ तुमच्या मदरबोर्डाच्या छातीला लावलेली असते.

आवाजाची भानगड वेगळी. तेव्हाच्या पुष्कळ कार्डांत चित्र पीसीआय स्लॉटमधून कॉम्प्युटरात जायचं, पण आवाज एका बारीक वायरीने कार्डाच्या मागून निघून साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये जायचा. ती वायर लावायची राहिली, किंवा विंडोजच्या मिक्सरमध्ये लाइन-इन म्यूट असलं, की मूकपट. ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून परत आणलेल्यांपैकी किती जणांची नुसती ही वायर राहिली असेल कोण जाणे. याच वायरीमुळे आमच्याकडे एक गंमत व्हायची. विंडोज अडकायचं, माउस हलायचा नाही, पडद्यावर चित्र गोठून जायचं, पण आवाज कॉम्प्युटरच्या मेंदूला वळसा घालून जात असल्यामुळे ‘चार दिवस सासूचे’ मधली भांडणं स्पीकरवर बिनदिक्कत चालू राहायची. आईची काही तक्रार नसे. ती तसंही स्वयंपाकघरातून ऐकतच असे.

परदेशातून भेट आलेल्या कार्डांचा एक करुण अध्याय आहे. अमेरिकेतल्या मावसभावाने मोठ्या प्रेमाने एक महागडं कार्ड पाठवलं. अमेरिकेची एनटीएससी पद्धत वेगळी, पण चिप दोन्ही पद्धती वाचू शकणारी असल्यामुळे चित्र आलं. आवाज मात्र नुसता खरखरे. आपल्या पाल पद्धतीत चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर आवाज बसलेला असतो, अमेरिकेत ४.५ वर. पत्र्याची डबी तिकडची, म्हणून ती आवाज शोधायची चुकीच्या घरात. इंग्लंडहून आणलेल्या कार्डाचीही हीच गत, कारण तिकडे पाल असली तरी आवाज ६ मेगाहर्ट्झवर. भावाला आम्ही ‘छान चाललंय’ असंच कळवलं.

कार्ड घेताना लोक ज्यावर सगळ्यात जास्त भाळत ते म्हणजे रेकॉर्डिंग, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसत. हिशोब साधा आहे. पाल चित्र कॉम्प्युटरात ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं होतं, सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट आणि तासाला जवळपास ७५ गिगाबाइट. माझी अख्खी हार्ड डिस्क तेव्हा ४० गिगाबाइटची होती. म्हणजे चित्र तिथल्या तिथे दाबूनच साठवायला हवं, आणि दाबायचं काम स्वस्त कार्ड करत नसे. ते तुमच्या प्रोसेसरच्या गळ्यात मारत असे. प्रोसेसर दमला की मधली चित्रं गळायची. हॉपॉगच्या पीव्हीआर-१५० सारख्या कार्डांवर एमपेग-२ मध्ये दाबणारी वेगळी चिप असायची. कार्ड स्वतः दाबणार, कॉम्प्युटर नुसता फाइल लिहून घेणार. विंडोज एक्सपीच्या मीडिया सेंटर आवृत्तीला ॲनालॉग टीव्हीसाठी असंच कार्ड लागे. ॲनालॉग काळातली एकच खरी निवड होती, ती ही: दाबणारी चिप आहे की नाही. बाकी रिमोट, एफएम रेडिओ, खोक्यावरची चकाकी, हा सगळा मसाला.

यूएसबीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. जुन्या यूएसबी १.१ ची वाट सेकंदाला दीड मेगाबाइटची, तिच्यातून वीस कसे जाणार? म्हणून सुरुवातीचे यूएसबी ट्यूनर पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र दाखवायचे आणि तेही लाजत.

चित्राच्या दर्जाबद्दल बोलायचं तर क्रिकेट लावून बघावं, मालिका नाही. टीव्हीचं चित्र अर्धं-अर्धं येतं: आधी विषम ओळी, मग सम, सेकंदाला ५० अर्धुकं. जुन्या काचेच्या टीव्हीला ते जमायचं. कॉम्प्युटर दोन अर्धुकं एकत्र शिवून दाखवायचा आणि मधल्या एका पन्नासांश सेकंदात गोलंदाजाचा हात पुढे गेलेला असायचा, म्हणून हाताला फणीसारखे दाते फुटायचे. कार्डाबरोबरच्या सीडीतलं सॉफ्टवेअर यात हमखास नापास. डीस्केलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तेच स्वस्त कार्ड एकदम घरंदाज दिसायला लागे. पाच हजारांच्या कार्डापेक्षा ही एक युक्ती मोलाची होती.

रेकॉर्डिंगचा माझा सर्वांत मोठा पराभव २४ सप्टेंबर २००७ चा. जोहान्सबर्गला विश्वचषक टी-२० ची फायनल, भारत-पाकिस्तान. सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावून ठेवली, भारनियमन नडू नये म्हणून यूपीएस चार्ज केला, दर्जा सेकंदाला सहा मेगाबिट ठेवला. रात्री जल्लोष करून घरी आलो आणि फाइल उघडली. भारताची फलंदाजी होती. पाकिस्तानच्या डावाची जेमतेम सुरुवात होती आणि फाइल संपली. डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. तिच्यात एक फाइल चार गिगाबाइटच्या पुढे जात नाही, आणि सहा मेगाबिटने चार गिगाबाइट भरायला सुमारे ९५ मिनिटं लागतात. चांगलं सॉफ्टवेअर अशा वेळी दुसरी फाइल सुरू करतं. माझ्या सॉफ्टवेअरने शांतपणे काम थांबवलं. जोगिंदर शर्माचं शेवटचं षटक माझ्याकडे नाही.

त्या काळातला आणखी एक प्राणी सांगायला हवा, कारण वसतिगृहांत तोच राज्य करायचा: बाहेर ठेवायचा टीव्ही बॉक्स. कार्ड नव्हेच ते. मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसणारी डबी. केबल डबीत, डबी मॉनिटरला. कॉम्प्युटर बंद असला तरी टीव्ही चालू. रेकॉर्डिंग नाही, ड्रायव्हर नाही, कटकट नाही. कॉम्प्युटर मेला तरी मॉनिटर टीव्ही म्हणून पुढे चार वर्षं जगायचा. शुद्ध उपयोगाचा विचार केला तर त्या सगळ्या गर्दीत हाच सर्वांत प्रामाणिक माल होता, असं माझं मत आहे.

मग वायर बदलली. मुंबईच्या काही भागांत २००७ च्या सुरुवातीलाच पैसे भरायच्या चॅनलांना डबा लागू लागला होता, पण खरा घाव २०११ च्या केबल कायदादुरुस्तीने घातला. तिच्यानुसार मुंबईसह चार महानगरांतली ॲनालॉग केबल ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत बंद करायची होती. ३१ मार्च २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यांत आपली नऊ: पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, औरंगाबाद आणि सोलापूर. गावं-खेडी २०१७ पर्यंत रडतखडत आली. त्या त्या दिवशी त्या त्या शहरातली ॲनालॉग कार्डं एका रात्रीत आंधळी झाली. बिघडली नाहीत, वायरीतून आता त्यांना न कळणारी भाषा येऊ लागली.

इथे साधारणपणे लोकांना वाटतं की मग डिजिटल कार्ड घेतलं की झालं. डिजिटल केबलसाठी डीव्हीबी-सी आणि छत्रीसाठी डीव्हीबी-एस कार्डं मिळतात, हे खरं. ती तुमच्या वायरीतला प्रवाह पकडतातही. पण चॅनल कुलूपबंद असतात आणि किल्ली केबलवाल्याच्या किंवा डीटीएच कंपनीच्या डब्यात, नाहीतर डब्यातल्या स्मार्ट कार्डात. युरोपात ट्यूनरमध्ये किल्लीचं मॉड्यूल खोचून कायदेशीरपणे पाहायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे डबा म्हणजे कंपनीचा घरजावई, दुसऱ्याच्या घरी नांदत नाही. डबे अदलाबदल करता यावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. तिच्या भरवशावर कार्ड विकत घेऊ नका. म्हणून केबलचं किंवा डीटीएचचं मासिक वर्गणीवालं कनेक्शन असेल, तर ट्यूनर कार्डावर एक रुपयाही घालवू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

मग डब्यातून बाहेर पडणारं चित्र कार्डात घ्यावं का? दोन वाटा आहेत. एचडीएमआयच्या वाटेवर एचडीसीपीचं कुलूप असतं, तिथे साधं कॅप्चर उपकरण काळा पडदा दाखवतं. दुसरी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची. ती जुन्या कार्डालाही चालते, चित्र जुन्या दर्जाचं येतं. पण रात्री आठला रेकॉर्डिंग लावलंत आणि कुणी साडेसातला डब्यावर बातम्या लावल्या, तर आठला बातम्याच रेकॉर्ड होणार. कार्डाला चॅनल बदलता येत नाही, चॅनल डबा बदलतो. त्यावर डब्यापुढे इन्फ्रारेडचा दिवा ठेवून रिमोटची नक्कल करायचा उपाय आहे, आणि तो दिवा मांजराने हलवला की पुन्हा बातम्या.

आज ट्यूनर कार्डाला खरा अर्थ उरलाय तो एका ठिकाणी: डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्या घेऊन डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. मासिक भाडं नाही. सह्याद्री त्यावर आहे, खासगी वाहिन्या लिलावानुसार येतात-जातात. उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, म्हणजे महाराष्ट्रातून बघताना छत्रीचं तोंड आग्नेयेकडे. यासाठी डीव्हीबी-एस२ कार्ड घ्यावं. जुनी स्कायस्टार-२ सारखी नुसती एसवाली कार्डं कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडावेत, कारण नव्या पद्धतीचं प्रक्षेपण त्यांना दिसत नाही.

इथे निवडीचे निकषच उलटे होतात. ॲनालॉगमध्ये प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं दिसे. डिजिटलमध्ये कार्ड चित्र बनवतच नाही. उपग्रहाकडून आलेला एमपेगचा प्रवाह जसाच्या तसा कॉम्प्युटरला देतं. तो उलगडायचं काम कॉम्प्युटरचं. म्हणजे सह्याद्री स्वस्त कार्डावर जशी दिसेल तशीच महागड्यावर. रेकॉर्डिंगही मूळ प्रतच असते, पुन्हा दाबावं लागत नाही. प्रवाह सेकंदाला तीन मेगाबिटचा धरला तर तासाला सव्वा गिगाबाइटच्या आसपास. शिवाय उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरवर ज्या वाहिन्या एकत्र बसल्यात त्या एकाच ट्यूनरने एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. हे सुख ॲनालॉगवाल्यांना स्वप्नातही नव्हतं.

मग पैसे कशाचे मोजायचे? ड्रायव्हरचे. बीटी ८७८ वाल्या असंख्य कार्डांची माती केली ती चित्राने नाही, ६४ बिट विंडोजने. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, विषय संपला. त्याच कार्डांना लिनक्स मात्र अजून ओळखतं, काही वेळा कार्डाचा क्रमांक अंदाजाने टाकून बघावा लागतो एवढंच. तेव्हा डीव्हीबी-एस२ कार्ड घेण्याआधी ते लिनक्सच्या कर्नलमध्ये चालतं का हे बघावं, मग तुम्ही विंडोज वापरत असा किंवा नसा. जे लिनक्सवर नीट चालतं ते सहसा दहा वर्षांनीही चालतं. सॉफ्टवेअरसाठी टीव्हीहेडएंड किंवा नेक्स्टपीव्हीआर, पाहायला कोडी. विंडोज मीडिया सेंटरची वाट बघू नका, विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये ते गेलं. आणि मदरबोर्ड नवा असेल तर त्यात जुनी पीसीआय खाच असेलच असं नाही, बहुधा पीसीआय एक्सप्रेसच असते.

छत्रीवरून एकच वायर आणून ती स्प्लिटरने डबा आणि कार्ड यांत वाटू नका. ट्यूनर वायरीतून वर वीज पाठवतो: १३ व्होल्ट दिले की छत्रीपुढे बसवलेला एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. डबा म्हणतो १३, कार्ड म्हणतं १८, आणि दोघांच्या भांडणात दोन्हीकडचे निम्मे चॅनल गायब. दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि दोन वायरी खाली आणाव्यात. यूएसबी ट्यूनर असेल तर त्याला वेगळा ॲडॉप्टर लागतो, कारण यूएसबीचे पाच व्होल्ट छत्रीला पुरत नाहीत. आषाढात धो धो कोसळताना चित्र जातं तेव्हा कार्डाला शिव्या घालू नयेत, उपग्रहाच्या केयू लहरींना पाऊस सोसत नाही.

गच्चीवरच्या अँटेनाचं थोडक्यात. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल, डीव्हीबी-टी२, प्रक्षेपण सुरू केलं. त्यासाठी कार्ड घ्या असा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी, तिथे अँटेनावर स्थानिक वाहिन्या फुकट आणि कुलपाविना येतात. अमेरिकेसाठी एटीएससी आणि इंग्लंडसाठी डीव्हीबी-टी२ चा ट्यूनर घ्यावा, शक्यतो घरच्या नेटवर्कला जोडायचा एचडीहोमरनसारखा, म्हणजे कॉम्प्युटर उघडायलाच नको. मराठी मात्र तिथेही इंटरनेटवरूनच येणार. आणि जाता जाता: आरटीएल २८३२ चिपच्या स्वस्त यूएसबी टीव्ही काड्या आता टीव्हीसाठी कुणी घेत नाही. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की त्या कच्च्या रेडिओलहरी सरळ कॉम्प्युटरला देतात. माझा भाचा अशाच एका काडीवर डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे संदेश पकडतो. टीव्ही तो बघतच नाही.

आता राहिलं ते माळ्यावरचं जुनं ॲनालॉग कार्ड. ते टाकू नका, निदान घरातल्या व्हीएचएस कॅसेटी संपेपर्यंत. लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या कॅसेटी अजून कपाटांत आहेत, आणि कोकणातल्या घरांत त्यांना बुरशीही लागली आहे. बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, आधी साफ करून घ्या, नाहीतर पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागेल. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी कॅप्चर काड्यांपेक्षा एखादं बरं जुनं पीसीआय कार्ड हे काम अनेकदा जास्त निगुतीने करतं, पण त्यातही मेख आहे. ताणलेल्या फितीवर चित्राचा ताल चुकतो, कार्ड मधली चित्रं गाळतं आणि आवाज मात्र पूर्ण येतो. त्यातून आवाज जर त्या बारीक वायरीने साउंड कार्डात जात असेल, तर चित्राचं घड्याळ वेगळं आणि आवाजाचं वेगळं. दोन तासांनी दोघांत सेकंद-दोन सेकंदांची फारकत पडते.

माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट मी पहिल्यांदा अशीच उतरवली. ‘सावधान’ ऐकू येतं, सनई सुरू होते, आणि मग बऱ्याच वेळाने अक्षता पडतात. दुसऱ्यांदा व्हीसीआर आणि कार्ड यांच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवला, त्याने ताल सावरला. व्हर्च्युअलडबमध्ये आवाज चित्राच्या मागोमाग ताणायचा पर्याय लावला, आणि फाइल यावेळी एनटीएफएसच्या डिस्कवर घेतली. अक्षता वेळेवर पडल्या. बहिणीने बघितलं आणि विचारलं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर झोपलेले ते काका कोण. अजून कुणालाच ओळख पटलेली नाही.